ऑर्व्होची पातळी ठरवण्याच्या कामी

वाढवणारी बाब: गुन्हा

माझ्या भावाने जे केलं ते केलं. त्याच्यापुढे 'पण' लावायला मी आले नाही.

ऑर्व्हो किराण्याच्या मोठ्या दुकानात मटण कापायच्या विभागात होता. बायको गेल्यावर तो प्यायला लागला आणि पिऊनच कामावर जायला लागला. तिथल्या शीतघरात त्याने बरोबर काम करणाऱ्या मारिसोल नावाच्या बाईला धरलं आणि नको तिथे हात घातला. तिने त्याला ढकललं आणि पुन्हा असं करू नकोस म्हणून बजावलं. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा तेच केलं. या वेळी ती पोलिसांत गेली. बरं केलं.

कोर्टात त्याने सगळं कबूल केलं. तुरुंगाऐवजी देखरेख मिळाली, नोकरी गेली, दारू सुटली, आणि एवढं सगळं झाल्यावर तो माझ्या वरच्या खोलीत राहायला आला. तेव्हापासून माझ्या घरातलं एकही दार करकरत नाही. मनात काही आलं की ऑर्व्हो बोलत नाही, बिजागऱ्यांना तेल घालतो.

मग लैंगिक गुन्हेगारांची यादी ठेवणाऱ्या सरकारी बोर्डाचं पत्र आलं.

आमच्या राज्यात वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या बाबी मोजून अशा माणसांची पातळी ठरवतात. पहिली पातळी म्हणजे फक्त पोलिसांना माहीत. दुसरी म्हणजे नाव, फोटो, पत्ता इंटरनेटवर, जगात कोणीही बघावं. तिसरी त्याहून वाईट. ऑर्व्होसाठी बोर्डाने दुसरी सुचवली होती. हरकत असल्यास अपील करा, म्हणे.

"टाकू दे फोटो," ऑर्व्हो म्हणाला. "बरा असेल तेवढा टाका म्हणावं."

"आणि किल्ली?"

त्याने गळ्यातल्या, किल्ली अडकवलेल्या बुटाच्या नाडीला हात लावला. मग उठून तेलाची बाटली घेतली आणि मागच्या दाराकडे गेला. त्या दाराला त्याने आदल्याच दिवशी तेल घातलं होतं.

कमी करणारी बाब: किल्ली

तळ्याकाठी आमच्या फिनिश लोकांच्या क्लबचं सौना आहे, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत बसायची लाकडी खोली. आमचे आजोबा फिनलंडहून इथल्या खुर्च्यांच्या कारखान्यांत कामाला आले, तेव्हा राहती घरं बांधायच्या आधी त्यांनी ते बांधलं. शनिवारी आधी बायका, मग पुरुष. दारू सुटल्यापासून भट्टी पेटवायचं काम ऑर्व्होकडे होतं. दुपारी जायचं, बर्चची लाकडं लावायची, दगड तापवायचे, बादल्या भरायच्या. शनिवारी संध्याकाळी पूर्वी तो काय करायचा हे आम्हाला माहीत होतं. आता तो हे करायचा.

आणि क्लबच्या विमा कंपनीचा नियम असा, की ज्याचं नाव सरकारच्या जाहीर यादीत असेल त्याच्याकडे क्लबची किल्ली राहणार नाही.

बाकी फोटो, पत्ता, शेजारपाजार यांची त्याला खरोखरच पर्वा नव्हती. अपील केलं ते त्या बुटाच्या नाडीसाठी.

कमी करणारी बाब: वकील

सरकारने दिलेल्या वकील ब्रासारबाई. तरण्या, भरभर बोलणाऱ्या, गाडीच्या मागच्या सीटवर कायम कोणाच्या तरी फायली आणि कोणाचे तरी बूट.

"हे बघा, सिद्ध बोर्डाला करायचंय," त्या आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाल्या. "गुन्ह्यामुळे आणि दारूमुळे त्यांचं पारडं जड होतं. आपल्याकडे वय आहे, दारू सोडली आहे, बहिणीचं घर आहे. आता हवीत माणसं. माणसं आहेत ना तुमच्याकडे?"

"क्लब आहे," मी म्हटलं.

"मस्त! सगळ्यांकडून पत्रं आणा. ऑर्व्होचं कौतुक करणारी."

ऑर्व्होने माझ्याकडे बघितलं. मी ऑर्व्होकडे बघितलं. बाईंनी आमच्याकडे जिराफ मागितला असता तर सोपं गेलं असतं.

कमी करणारी बाब (असं आम्हाला वाटलं): पत्रं

*मी ऑर्व्हो हाऊताला यास ओळखतो.*
*— वॉल्टर निएमी*

*लाकडं फोडतो. ठीक फोडतो.*
*— रसेल काँगास*

*त्याच्याबद्दल विशेष काही म्हणण्यासारखं नाही. पत्र मागितलं म्हणून लिहिलं.*
*— लिओनार्ड सालो*

ब्रासारबाईंनी शेवटचं दोनदा वाचलं. "हा सालो मित्र आहे की वैरी?"

"सख्खा मित्र," ऑर्व्हो म्हणाला. त्याचा आवाज जरा बसला होता. "लिओनार्ड असं लिहील असं वाटलं नव्हतं."

"म्हणजे वाईट वाटलं?"

"नाही हो बाई," मी म्हटलं. "भरून आलंय त्याला. लिओनार्डने स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढी स्तुती केली नव्हती."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांच्या लक्षात दुसरंच आलं. "थांबा. या लोकांना माहीत आहे ना, तुम्ही काय केलंत ते?"

"असेल माहीत."

"असेल?"

"कोणी कधी बोललं नाही."

"बोललं नाही म्हणजे?"

"म्हणजे कोणी बोललं नाही," ऑर्व्हो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

बाईंनी पत्रांची चळत बाजूला सरकवली. "मग ही रद्दी आहे. माणसाने काय केलंय हे माहीत नसताना लिहिलेल्या पत्राला सुनावणीत काही वजन नसतं. प्रत्येकाने लिहिलं पाहिजे, की यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं, सगळं सांगितलं, आणि तरीही मी हे लिहितोय."

मी हिशेब जुळवून बघितला. "म्हणजे गावाला कळू नये म्हणून आधी गावाला सांगायचं."

"सिल्वी, कायदा मी नाही लिहिलेला."

ऑर्व्हो उठला. मी म्हटलं, "बस. तेल संपलंय."

वाढवणारी बाब: सांगायचं कुठे

कॉफीवर सांगता येत नाही. कॉफीवर अवघड विषय निघाला की आमचा माणूस उठून खिडकीतून आभाळ बघतो आणि म्हणतो, "निघायला हवं." फोनवर सांगता येत नाही, कारण पलीकडे कोणी आहे की गेलं हे आमच्या लोकांच्या बाबतीत कळायला मार्ग नाही. चर्चमध्ये पाद्री मध्येच देवाला आणतो.

राहिलं सौना. तिथे भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही, हे आम्हाला बोलता यायच्या आधीपासून शिकवलेलं. शिवाय मधूनच उठून कोणी बाहेर गेला की बाकीचे समजतात, याला उष्णता झेपली नाही. त्यापेक्षा माणूस काहीही ऐकून घेईल.

पुरुषांचं एका शनिवारी उरकलं. मी दुसऱ्या दिवशी वॉल्टरला गाठलं.

"काय म्हणाला ऑर्व्हो?"

"सांगितलं त्याने."

"सगळं?"

"हं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"दगडांवर पाणी टाकलं."

"कोणी?"

"मी," वॉल्टर म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. आपण फार बोललो असं त्याला वाटलं असावं.

राहिल्या बायका.

वाढवणारी बाब: बायका

हेल्मी रौतिओ क्लबची अध्यक्ष आहे. ऐंशीच्या पुढची, माझ्या खांद्याइतकी, आणि तिच्यासमोर सगळे पाय पुसून येतात.

"पुरुषांना सांगितलंस म्हणे," ती ऑर्व्होला म्हणाली.

"हो."

"त्यांना सांगून काय उपयोग? त्यांना कोण धरणार आहे शीतघरात?"

ऑर्व्होने सगळ्यात जवळच्या बिजागरीकडे बघितलं.

"आम्हाला सांग."

"सांगतो. रविवारी चर्चनंतर गाडीतळावर..."

"गाडीतळावर मी कोणाचं काही ऐकून घेत नाही. तिथे वारा असतो आणि रसेलची बायको असते. शनिवारी ये. आमच्या वेळेला. बाहेर उभा राहा, तळ्याकडे तोंड करून. खिडकी उघडी ठेवू."

ब्रासारबाईंना हे विचारायला हवं होतं. नाही सुचलं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलंच नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे.

शनिवारी ऑर्व्हो आला तो हिवाळ्याचा जाड कोट, कानटोपी, हातमोजे आणि गमबूट घालून. अजून पानगळसुद्धा नीट सुरू झाली नव्हती. मी आत वरच्या बाकावर होते. छोट्या खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, पाठीवर मी लावलेलं निळं ठिगळ.

"मी ऑर्व्हो," तो तळ्याला म्हणाला.

"माहीत आहे," आतून कोणीतरी.

मग त्याने सांगितलं. मारिसोलचं नाव घेऊन, कुठे, कसं, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा. कुठलाही शब्द मऊ केला नाही. कोटाच्या आत तो शिजत असणार, आवाजावरून कळत होतं. "प्यालो होतो हे खरं," तो म्हणाला, "पण दारूला हात नसतात. हात माझा होता."

आत कोणी पाणी टाकलं नाही. दगड नुसते तडतडत होते.

"पहिल्यांदा तिने तुला बजावलं होतं," हेल्मी म्हणाली.

"हो."

"मग दुसऱ्यांदा का?"

तळ्यावर एक बदक पाणी कापत गेलं, आणि परत आलं. मला वाटलं, आता तो निघून जाणार.

"मला वाटलं, ती कोण मोठी," ऑर्व्हो म्हणाला. "तिचं कोण ऐकतंय."

माझ्या शेजारी बसलेली इर्मा, जी दर शनिवारी गुडघ्यांबद्दल तक्रार करते, तिने गुडघे जवळ ओढून घेतले.

"जा आता," हेल्मी शेवटी म्हणाली. "जाताना लाकडांवर ताडपत्री ओढ."

ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. मग कोणीतरी पाणी टाकलं.

पुढच्या आठवड्यात बायकांची पत्रं आली, पुरुषांच्या नव्या पत्रांपेक्षा एकेका ओळीने लांब. हेल्मीचं नव्हतं. मी विचारायला गेले.

"शिफारस मी लिहिणार नाही," ती म्हणाली. "ती मारिसोल माझ्या पिशव्या गाडीपर्यंत आणून द्यायची. न सांगता. मी घडलं तेवढं लिहिलं आणि पोस्टात टाकलं."

"कोणाला टाकलंत?"

"बोर्डाला. वकील मध्ये कशाला?"

वाढवणारी बाब: हेल्मीचं पत्र

सुनावणी बॉस्टनजवळच्या एका सरकारी इमारतीत, खिडकी नसलेल्या खोलीत. टेबलाच्या टोकाला निर्णय देणारे पेटिन्गिलसाहेब, थकलेले, सर्दी झालेले. बोर्डाच्या बाजूने एक तरुण वकील, नव्या बुटांचा. या बाजूला आम्ही. हेल्मी बाहेर बाकावर विणकाम घेऊन बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती रसेलला गाडी काढायला लावून आली होती.

तरुण वकिलाने एक कागद उचलला. लॉटरी लागल्यावर माणूस आधी तिकीट पुन्हा एकदा बघतो, तसं त्याने तो आधी मनात वाचला.

"'शनिवारी आम्ही बायका नेहमीप्रमाणे कपड्यांशिवाय बसलो असताना,'" त्याने मोठ्याने सुरुवात केली, "'ऑर्व्हो हाऊताला खिडकीबाहेर आला व त्याने आपण मारिसोलशी काय केलं ते आम्हाला तपशिलात सांगितलं. तो बराच वेळ होता. हेल्मी रौतिओ, अध्यक्ष.'"

पेटिन्गिलसाहेबांनी नाक पुसायला काढलेला रुमाल तसाच हातात राहिला.

ब्रासारबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मी म्हटलं, "आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"देखरेख चालू असताना," तरुण वकील म्हणाला, "तुम्ही नग्न स्त्रियांच्या खिडकीशी गेलात, मिस्टर हाऊताला?"

"हो."

"आणि त्यांना तुमचा लैंगिक गुन्हा सांगितलात?"

"हो."

"ऑर्व्हो," ब्रासारबाई दातांतून म्हणाल्या, "जरा जास्त बोला."

ऑर्व्होने विचार केला. "कोट घातला होता."

"कोणी?" पेटिन्गिलसाहेब.

"मी."

ब्रासारबाई उठल्या, दार उघडलं आणि बाहेर बघून म्हणाल्या, "आजी, या. आत्ता."

कुठल्या बाजूला टाकावी कळत नाही अशी बाब: हेल्मी

हेल्मीने विणकाम पिशवीत ठेवलं, पिशवीतून निसू काढला, म्हणजे वेलची घातलेला आमचा गोड पाव, घरून कापूनच आणलेला, आणि टेबलावर मधोमध ठेवला.

"हरकत आहे," तरुण वकील म्हणाला.

"पावाला?" हेल्मीने विचारलं.

"साक्षीदाराने असं काही..."

"सकाळपासून तुम्ही काही खाल्लेलं नाही, रंगावरून दिसतंय."

"पाव बाजूला ठेवू या," पेटिन्गिलसाहेब म्हणाले आणि त्यांनी तो बाजूला ठेवला, म्हणजे स्वतःच्या बाजूला. "श्रीमती रौतिओ, हे गृहस्थ तुमच्या खिडकीशी का आले?"

"मी बोलावलं."

"तुम्ही सगळ्या... त्या अवस्थेत असताना?"

"सौनामध्ये दुसऱ्या कुठल्या अवस्थेत बसणार?"

"त्यांचं तोंड कुठे होतं?"

"तळ्याकडे."

"खात्री आहे?"

"आम्हाला त्याच्या पाठीवरचं ठिगळ दिसत होतं. निळं. सिल्वीचा टाका वाकडा आहे."

मी मान खाली घातली.

"पण तिथेच का?" साहेबांनी खरंच कळून घ्यायचं म्हणून विचारलं. "सभागृहात का नाही?"

"सभागृहातून उठून जाता येतं," हेल्मी म्हणाली. "आम्हालाही. त्यालाही. मला त्याला एक प्रश्न विचारायचा होता, आणि त्याने आभाळ बघत निघून जायला नको होतं."

"कुठला प्रश्न?"

"दुसऱ्यांदा का. तो म्हणाला, तिचं कोण ऐकतंय असं वाटलं."

ऑर्व्होने दोन्ही हात मांडीखाली घेतले, शाळेत बसायचा तसे.

"तुम्ही त्यांच्या स्नेही आहात?" तरुण वकिलाने विचारलं. आवाज आता जरा खाली आला होता.

"नाही."

"त्यांची शिफारस करता?"

"नाही."

"मग आलात कशासाठी?"

"मी जे लिहिलं ते तुम्ही उलटं वाचाल असं रसेल म्हणाला. रसेल फारसा बोलत नाही, म्हणून म्हटलं बघून यावं." तिने पिशवी मांडीवर घेतली. "हे बघा, त्याचा फोटो तुम्ही लावलात तर मला काय मिळणार? तो मला रोज दिसतो. उभ्या संसारात माझ्या नवऱ्याने एकाही प्रश्नाचं इतकं वाईट आणि इतकं खरं उत्तर दिलं नाही. त्या उत्तरानंतर आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवतो. सगळ्या जणी. तुमच्या इंटरनेटला रसेलच्या बायकोइतकं दिसतं का?"

पेटिन्गिलसाहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा डावा हात आपोआप पावाकडे गेला. साक्षीच्या कागदपत्रांत त्याची नोंद नसावी.

निकाल

पहिली पातळी.

कारणं लांबलचक होती. मला एकच ओळ लक्षात राहिली: श्रीमती रौतिओ यांनी अपीलकर्त्याची बाजू घेण्यास ठाम नकार दिला असल्याने त्यांची साक्ष विश्वासार्ह वाटते.

ब्रासारबाईंचा फोन आला तेव्हा मी पाव मळत होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. "जिंकलो!" त्या ओरडल्या. "ऑर्व्हो, आता पोलिसांशिवाय गावात कोणालाही कळणार नाही!"

टेबलाभोवती वॉल्टर, लिओनार्ड, रसेल, रसेलची बायको आणि इर्मा कॉफी पीत बसले होते. कोणी हसलं नाही. फक्त लिओनार्डच्या बशीत कप बराच वेळ खुळखुळत राहिला.

फोन ठेवतो न ठेवतो तोच हेल्मी आली. पाय पुसले. ऑर्व्होसमोर हात पसरला.

"किल्ली."

"पण निकाल लागला!" मी म्हटलं. "पहिली पातळी! विमा कंपनीला आता काही म्हणता येणार नाही!"

"विमा कंपनीचं झालं. बोर्डाचं झालं. आमचं कुठे झालंय?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पुरुषांच्या वेळेला भट्टी तुझी, ऑर्व्हो. किल्ली माझ्याकडून न्यायची, माझ्याकडे आणायची. आमच्या वेळेची भट्टी आम्ही पेटवू. आम्ही आत असताना किल्ली आमच्याकडे असेल."

मला राग आला होता. एवढं अपील, एवढी वणवण, त्या कोटात शिजणं, सगळं ज्या किल्लीसाठी, ती ही बाई पाय पुसून घेऊन चालली. मी ऑर्व्होकडे बघितलं. आता हा तेलाकडे जाणार.

त्याने नाडी डोक्यावरून काढली. "बरं," म्हणाला.

कुठल्याच रकान्यात न बसणारी बाब: धूर

पुढच्या शनिवारी बायकांनी भट्टी पेटवली. मी उशिरा पोचले. क्लबच्या आवाराबाहेर, रस्त्यावरच्या पत्रपेटीशी, ऑर्व्हो उभा होता. कोट, कानटोपी, हातमोजे. सौनाकडे पाठ.

"इथे काय करतोस?"

"धुराचा वास येतोय."

मी वळून बघितलं. दारातून, खिडकीतून, फळ्यांच्या फटींतून, जिथून म्हणून धूर येऊ नये तिथून धूर येत होता. फक्त धुराडं तेवढं स्वच्छ होतं.

"झडप!" ऑर्व्हो रस्त्याकडे तोंड करून ओरडला.

"काय?" आतून खोकला.

"धुराड्याची झडप उघडा!"

"उघडीच आहे!"

"मग ती बंद आहे! ती उलटी बसवलेली आहे!"

"उलटी कोणी बसवली?" हेल्मीचा आवाज.

"तुमच्या नवऱ्याने!"

दार उघडून हेल्मी बाहेर आली. कोट अंगात, पायात बूट, तोंड काजळीने काळं, डोळे गळताहेत. "ऑर्व्हो! इकडे ये आणि उघडून दे!"

तो हलला नाही. "आत सगळ्या कपड्यांत आहेत का?"

"अरे, अजून कोणी टोपीसुद्धा काढलेली नाही!"

तरी तो पत्रपेटीच्या पुढे आला नाही. "सिल्वी जाईल," तो म्हणाला. आणि मला सांगितलं, "डावीकडे ओढ, मग वर ढकल. आधी ढकललीस तर हातात येईल. हातमोजे घे."

त्याने स्वतःचे काढून दिले. मी आत गेले. डावीकडे ओढली, वर ढकलली. धुराड्याने एक मोठा श्वास घेतला आणि सगळा धूर मुकाट्याने वर जायला लागला, जसा काही त्याला कोणी रस्ताच सांगितला नव्हता. इर्मा गुडघ्यांना शिव्या देत पायऱ्यांवर बसली.

हेल्मी उतरून रस्त्यापर्यंत गेली. मी मागोमाग. ती ऑर्व्होच्या पाठीशी उभी राहिली, त्या निळ्या ठिगळाकडे बघत. तो वळला नाही.

"शनिवारी दुपारी ये," ती ठिगळाला म्हणाली. "आम्ही यायच्या आधी. भट्टी लाव, झडप बघ, आणि जा."

"किल्ली?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"माझ्याकडे," हेल्मी म्हणाली. "दार मी येऊन उघडेन."

ती परत वर गेली. ऑर्व्होने माझ्याकडून हातमोजे घेतले, घातले, आणि घराकडे चालायला लागला. त्याला एवढं ताठ चालताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणून हाक मारून म्हटलं, "काय रे, कसं वाटतंय?"

तो थांबला. नीट विचार केला.

"विशेष काही म्हणण्यासारखं नाही," म्हणाला, आणि त्याचा आवाज बसला होता.